तिसऱ्या शिट्टीपर्यंत

मित्रांनो, लंडनजवळच्या मेडनहेडमध्ये एखाद्या घरासमोर निळ्या पट्ट्याची, ऐसपैस, जराशी खरचटलेली म्हातारी गाडी उभी दिसली, तर ओळखा, ती मी. मला मोटरहोम म्हणतात. दोन पलंग, एक सिंक, दोन बर्नरची शेगडी आणि संडास, एवढा संसार पोटात घेऊन मी फिरते. माझं वय मात्र विचारू नका. दरवर्षीच्या तपासणीला, म्हणजे एमओटीच्या वेळी, गॅरेजवाला विचारतो आणि मान हलवतो, तेवढं पुरे आहे.

माझा जन्म यॉर्कशायरमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या सुतारांनी माझी कपाटं अशी घट्ट बसवली की अजून एकही दार कुरकुरत नाही. बाहेरच्या दाराच्या कडीचं वेगळं आहे, ते पुढे सांगते. माझे पहिले मालक गुडघ्यांनी थकले आणि मी डॉक्टर शशिकांत आणि डॉक्टर सुनीती यांच्या घरी आले. दोघंही हॉस्पिटलात नोकरी करत. वेम्बलीच्या गणपतीत लोक त्यांना विचारायचे, "अहो, चांगलं हॉटेल सोडून गाडीत कसले झोपता?" शशिकांत हसून म्हणायचे, "हॉटेलात कुकर लावू देतात का?"

सुट्टीत सुनीतीबाईंनी शेगडीजवळ फिरकायचं नाही, असा शशिकांतांचा नियम होता. तळ्याकाठी मला उभी केली की ते आधी सिंकखालच्या कपाटातून कुकर काढत. ईलिंग रोडवरच्या देशी दुकानातून आणलेली तुरीची डाळ, तांदूळ, आणि बरोब्बर तीन शिट्ट्या. माझे पडदे धुतले तरी त्यांचा हिंगाचा वास जात नाही. मला त्याचा अभिमानच वाटतो!

पुढे घरात चकली आली. प्राण्यांच्या आश्रमातून आणलेली ही तपकिरी कुत्री, शेपटीला दोन वेढे, म्हणून हे नाव. दार उघडं असलं की ती तळ्याकाठी बदकांना दम देत हिंडायची, पण तिसरी शिट्टी झाली की जिथे असेल तिथून धावत यायची आणि शेगडीखाली बसायची. कारण फोडणी पडायच्या आधीचा, बिनमिठाचा पहिला वरणभात तिचा असे. तिला कुणी शिकवलं नव्हतं. पोटानं शिकवलं, दुसरं कोण!

मग एका वर्षी शिट्टी ऐकून शेजारच्या तंबूतले गृहस्थ अनवाणी धावत आले. त्यांना वाटलं, गॅस फुटतोय. शशिकांतांचा मुलगा साकेत लाजेनं लालबुंद झाला. "बाबा, प्लीज! लोक इथे क्वाएट हॉलिडेला येतात. कुकर बंद म्हणजे बंद." शशिकांत त्यानंतर माझ्या सगळ्या खिडक्या लावून, पडदे ओढून, चोरासारखा कुकर लावत आणि घामानं निथळत. मला फार राग यायचा, पण मी बापडी काय बोलणार!

शशिकांत गेले आणि मी ड्राइव्हवेत नुसती उभी राहिले. टायरांवर शेवाळ चढलं. बाहेरच्या दाराची कडी ढिली झाली, ती कुणी बघितली नाही. विकायचीच आहे, मग खर्च कशाला, असं साकेत म्हणाला. सुनीतीबाई मात्र रोज संध्याकाळी चकलीला घेऊन माझ्या पायरीवर येऊन बसत. घरात त्या फारशा बोलत नसत, चकलीशी बोलत. "आज तुझे बाबा असते ना, तर..." असं सुरू व्हायचं आणि तिथेच थांबायचं. चकली कान टवकारून ऐकत राही.

गेल्या वसंतात मला शेवटची म्हणून लेक डिस्ट्रिक्टला नेलं. परत आल्यावर गिऱ्हाईक येणार होतं. सोबत साकेत, त्याची लेक मायरा, सुनीतीबाई आणि चकली. जेवायला मायक्रोवेव्हची पाकिटं. तळं समोर चकाकत होतं, आणि मी मनातून रडकुंडीला आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं कॅम्पसाइटच्या दुकानात गेली. चकली आत झोपली होती. एवढ्यात डोंगरांमधून एक लढाऊ विमान अगदी डोक्यावरून गेलं. त्या भागात सरावाची विमानं तशीच खालून उडतात. माझ्या खिडक्या थरथरल्या. चकली घाबरून दारावर आदळली, ढिली कडी सुटली, आणि दार उघडून ती सुसाट डोंगराकडे पळाली. मी तिथे चाकं असून जागची हलू शकले नाही!

मग सुरू झाली शोधाशोध. साइट सांभाळणाऱ्या मार्गारेटबाई आल्या, शेजारचे तंबूवाले आले. "चकली! चकली!" हाका तळ्यावरून घुमत होत्या. इंग्रज मंडळी "चक्ली" म्हणत होती, पण जीव तोडून म्हणत होती. मार्गारेटबाईंनी साकेतला बाजूला घेऊन सांगितलं, वर कोकरांचे दिवस आहेत, कुत्रा मेंढ्यांमागे लागला तर शेतकरी बंदूक काढतो. ते सुनीतीबाईंनी ऐकलं. त्या आणखी जोरानं हाका मारायला लागल्या.

संध्याकाळी धुकं उतरायला लागलं. सुनीतीबाईंचा आवाज पार बसला होता. मायरानं त्यांचा हात धरला. "आजी, चकली परत येणार ना?"

"कशी येईल गं? मला तर हाकही मारता येत नाही," असं म्हणता म्हणता त्या झटकन वळून आत आल्या आणि सिंकखालचं कपाट उघडलं. कुकर तिथेच होता. शशिकांतांच्या डाळ-तांदळाच्या बरण्याही.

साकेत दारात आला. "आई, आत्ता? आत्ता जेवायचं सुचतंय तुला?"

"जेवायला नाही रे," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "बोलवायला."

साकेतनं माझ्या खिडक्या सताड उघडल्या. छताची झडप उघडली. दार उघडून दगडानं अडवून ठेवलं. शेगडीवर चढवलेल्या कुकरची रिंग सुकून सैल पडली होती, बाजूनं वाफ फुसफुसायला लागली. सुनीतीबाईंनी ती काढून गार पाण्यात बुडवली, परत बसवली आणि झाकण हातानं दाबून धरलं. "चल रे बाबा, चल," त्या कुकरला म्हणत होत्या. की शशिकांतांना, कोण जाणे.

पहिली शिट्टी झाली. अशी खणखणीत की बदकं उडाली. बरीच वर्षं गप्प बसवलेला आवाज होता तो! दुसरी शिट्टी झाली तेव्हा सगळी साइट माझ्याभोवती जमली होती. तिसरी तळ्यापलीकडच्या कड्यावर आपटून परत आली.

मग काहीच नाही. धुकं आणि शांतता. साकेतनं गॅस बंद केला आणि तोंड फिरवलं. सुनीतीबाईंनी मात्र वाफ जाऊ दिली, झाकण काढलं, चकलीच्या ताटलीत वरणभात वाढला आणि तो निवायला फुंकर घालत बसल्या.

तेवढ्यात मायरा किंचाळली. "आजी! ती बघ!"

धुक्यातून चकली आली. चिखलानं माखलेली, कानाला काटे, एक पाय उचललेला, पण सरळ धावत! हाका मारणाऱ्या कुणाकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. माझी पायरी चढली आणि शेगडीखाली आपल्या जागेवर बसून ताटलीकडे बघायला लागली. बाहेर टाळ्यांचा आणि शिट्ट्यांचा कल्लोळ उठला. सुनीतीबाई तिला कवटाळून हुंदके देत होत्या आणि हसतही होत्या. साकेत शेजारी टेकला. "आई," तो म्हणाला, "बाबांना मी उगाच खिडक्या लावायला लावल्या गं."

"आता उघडल्यास ना," त्या म्हणाल्या. "ताटं काढ. सगळ्यांना वाढू."

दुसऱ्या दिवशी साकेतनं गावातून नवी कडी आणून स्वतः बसवली, आणि गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. माझी छाती कशी फुलली म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी गाडी, जुनं भांडं, जुनी कडी असेल. टाकायचीच आहे म्हणून तिच्याकडे पाठ फिरवू नका. कामाला येते तोवर तिची निगा राखा. आणि लोक काय म्हणतील म्हणून आपल्या घराचा आवाज कोंडू नका. आपलं हरवलेलं माणूस, आपलं मुकं जनावर, त्याच आवाजाच्या मागानं घरी येतं.

बरं, आता मला वेळ नाही. आम्ही पुन्हा त्याच तळ्याकाठी आहोत, माझ्या सगळ्या खिडक्या उघड्या आहेत आणि मार्गारेटबाई ताटली घेऊन पायरीवर बसल्या आहेत. दुसरी शिट्टी झाली आहे. ती बघा, तळ्याकाठची चकली थबकली आणि तिनं कान टवकारले.