विण्याचा पहारा

सप्ताहाचा वीणा भुईला टेकत नसतो. तो एकाच्या गळ्यातून निघतो आणि दुसऱ्याच्या गळ्यात जातो. ज्याच्या गळ्यात असेल त्याच्या पायाशी लहानथोर वाकतात. आज दुपारचा पहारा आश्रुबाचा होता.

मारुतीच्या देवळासमोरच दवाखाना. आश्रुबाचा थोरला लेक अन् सून एचआयव्हीनं गेले. नात योगिताच्या रक्तात तो जन्मापासूनच. आजवर म्हातारा तिला गुपचूप अंबाजोगाईला न्यायचा. आता गोळ्या गावातच मिळत होत्या. सप्ताहभर आजा पहाऱ्यावर, म्हणून पोर रोजची गोळी दुपारी दवाखान्यात शाहीन सिस्टरच्या हातून घ्यायची. तेवढ्यानं गावाला कळलं, आणि सकाळीच धाकट्या लेकाची, जीवनची, सोयरीक मोडली.

जीवन कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आला.

"जीवन, घरी चल. पोरीचा काय गुन्हा हाय?"

"खांडातलं रोगट मेंढरू बाजूला काढायचं, तुमीच शिकवलं, आबा. तुमी भजन करा."

तो दवाखान्यात शिरला. काच फुटली. सिस्टरची किंकाळी आली.

आश्रुबा शेजारच्या टाळकऱ्याकडं वळला. "भगवानराव, वीणा धरा."

भगवानराव मागं सरकले. "तुमच्या हातचा? न्हाई बुवा."

"काल तर पायावर डोकं ठेवलंत."

"काल ठावं न्हवतं."

मग म्हातारा वीणा गळ्यात घेऊनच धावला.

आत कपाट आडवं, गोळ्या पायदळी. शाहीनच्या तोंडातून रक्त येत होतं, तरी तिनं पोरीची कंबर सोडली नव्हती. जीवन वेणी धरून योगिताला ओढत होता. आश्रुबानं त्याचं मनगट धरलं. दांडा म्हाताऱ्याच्या डोक्यात बसला, मग खांद्यात, मग पुन्हा डोक्यात. पागोटं भिजलं. डोळ्यांत रक्त उतरलं. त्यानं चाचपडत वीणा काढला आणि पोरीच्या गळ्यात घातला.

"रामकृष्णहरी म्हण, माय. सोडू नको."

फुटलेलं डोकं त्यानं तिच्या पायांवर टेकवलं.

जीवननं दांडा उगारला. दारात भगवानरावांचे हात आपोआप जुळले होते. जीवननं ते पाहिलं, पुन्हा त्या विण्याकडं पाहिलं. दांडा खाली आला तो टेबलावर, फळी दुभंगली. तो दार लोटून निघून गेला.

शाहीननं पदरानं ओठ पुसला आणि एक धड पाकीट शोधून काढलं. पोरीचे दोन्ही हात विण्यात गुंतलेले. शाहीननं गोळी तिच्या जिभेवरच ठेवली.

"कडू हाय."

"गिळ," भुईवरून म्हातारा म्हणाला. "पहाऱ्यावर थुकायचं नसतं."