गुलाबी कंगवा आणि मी

मी एक जुनी शिसवी फणी आहे. पाथर्डीकडच्या एका वाडीत, आसारामच्या घरातल्या कोनाड्यात मी राहते. त्याची लेक लंका फसली, हे घरात कळलं तो दिवस मला पक्का आठवतो. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला आधी बरं वाटलं.

गावचा पुंजाराम पुण्यात हमाली करायचा. तो आला आणि उंबऱ्यावरच बसला.

"आसाराम, लंकी दवाखान्यात कामाला न्हाई. वाईट घरात कोंडलीय तिला. म्या खिडकीत बघितली."

"दुसरी कुनी आसंल."

"आरं, पुंजाकाका म्हनून हाक मारली तिनं. दुसरी कशाला मारंल?"

आसाराम खाली बसला. मी मनात लंकाला म्हणाले, जा अजून त्या गुलाबी कंगव्याला घेऊन!

मला लंकाच्या आईने, झुंबरबाईने, मढीच्या जत्रेत घेतलं. दुपारी वाडीतल्या बायका ओट्यावर ओळीने बसत आणि पुढचीची वेणी मागची घाली. झुंबरबाई वारली. मग शेजारची बनुबाई मलाच घेऊन लंकाचे केस विंचरायची. लंकाचं लग्न झालं, नवऱ्याने टाकलं, ती माहेरी आली. तेव्हाही ती माझ्याकडेच आली.

मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. बापलेक सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. तिथे रंगुबाई आली. मूळची शेजारच्या वाडीची, अंगावर नायलॉनचं पातळ. तिने लंकाला गुलाबी प्लॅस्टिकचा कंगवा दिला.

"पुण्यात दवाखान्यात आयाचं काम हाय, पोरी. सावलीतलं. हिथं हाताची सालटं काढतीस व्हय?"

लंकाने घरी येऊन तो कंगवा केसांतून फिरवला आणि हसली. माझे दोन दात पडलेले, त्याचे सगळे चकचकीत. मी जळफळत त्याच्याकडेच बघत राहिले. तो देणारी कोण, याचा विचार मी केला नाही.

बनुबाईने केला. "भावजी, दवाखाना कंचा? पत्ता तरी घ्या."

आसाराम रागावला. "रंगुबाई गावचीच लेक हाय, वैनी. लेकीला पत्ता इचारायचा? काय वाटंल तिला?"

लंका गेली. मला कोनाड्यातच ठेवून गेली.

मित्रांनो, अशा घरांत फसवून आणलेल्या बायकांना कोंडतात. नको नको म्हणत असताना परक्या पुरुषांपुढे ढकलतात आणि कमाई दुसरेच खातात. लंका ऐकेना म्हणून तिथल्या लोकांनी तिचा उजवा हात मोडला.

आसारामने पुंजारामला बरोबर घेतलं, पोलिसांचे पाय धरले आणि लेकीला सोडवून आणलं. तिच्या पिशवीत तो कंगवा होता, अर्धे दात तुटलेला. तिने तो माझ्याशेजारी ठेवला. त्याला हिणवायचं मी ठरवलं होतं. पण त्या खोलीत तिच्याजवळ तोच होता. तिचं रडणं त्याने ऐकलं, मी नाही. त्याचा हेवा मला अजून वाटतो.

लंकाचा हात आता वर जात नाही. ती ओट्यावर जाऊन बसली की बायका एकेक करून उठतात. बनुबाईसुद्धा उठली.

"भाकरी टाकायच्यात मला. आन् मी तवाच म्हनले हुते."

"व्हय, म्हनला हुता," आसाराम म्हणाला. "पत्ता म्या न्हाई इचारला. चुकी माजी हाय, वैनी. मग तिला का टाळता?"

बनुबाई घरात गेली.

मग आसारामने मला हातात घेतलं. खडी फोडून राठ झालेला हात.

"बा, दुखतंय."

"तुजी आय वेनी कशी घालायची गं?"

गुंता निघाला. वेणी जमली नाही.

मित्रांनो, लांबचं काम सांगणारं माणूस गावचं असलं तरी त्याला पत्ता विचारा, आणि तो पत्ता खरा आहे का ते बघून या. जी सुटून परत येईल, तिच्या शेजारून उठू नका. रंगुबाई अजून सापडलेली नाही. बनुबाई अजून ओट्यावर आलेली नाही. लंकाची वेणी घालायची राहिली आहे.