लोकानंद महाराजांची हिरवी पट्टी

नेदरलँड्समधल्या फोरबर्ग गावच्या सभागृहात रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर सायकलींवर सायकली रचलेल्या, आत खुर्च्या संपल्यामुळे इथे स्थायिक झालेले मराठी लोक भिंतींना टेकून उभे, आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या पडद्यावर. पडद्यावर दोन पट्ट्या होत्या. परक्यांना दारं बंद करा म्हणणाऱ्यांची लाल, बाकीच्यांची हिरवी. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं : 'नेदरलँड्सचं जनमत, या क्षणी'.

"फोन काढा बाळांनो," लोकानंद महाराज उच्चासनावरून म्हणाले. त्यांचा उजवा हात जपमाळ झाकायच्या पिशवीत, गोमुखीत, होता. "ऑनलाइन संकल्पमत द्या. हृदय हेच वाय-फाय, श्रद्धा हाच पासवर्ड! तुमचं मत वैश्विक सर्व्हरवर जाईल आणि तिथून एकेका डच माणसाच्या मनात उतरेल!"

शेकडो अंगठे महाराजांच्या ॲपमधल्या बटणावर पडले. प्रत्येकाच्या फोनवर 'संकल्प स्वीकारला' अशी अक्षरं उमटली. आणि पडद्यावरची हिरवी पट्टी खरोखरच वर सरकली.

"जय संकल्प!" सभागृह दणाणलं. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या पाण्याला हसण्यासारखं काही नव्हतं. बुधवारी देशाची निवडणूक होती. कुणाचा नागरिकत्वाचा अर्ज अडकलेला, कुणी नुकतंच घर घेतलेलं, कुणाच्या मुलाला शाळेत 'तुम्ही परत कधी जाणार?' असं विचारलेलं. भीती खरी होती. महाराजांनी फक्त तिच्यावर दुकान थाटलं होतं.

"आता कागदी मत," महाराजांनी ओठ मुडपले. "एक माणूस, एक मत! जड, तामसी! ज्यांना इथला पासपोर्ट मिळालाय, त्यांनी मतदानाचे पास या कलशात अर्पण करावेत. आज त्यांचं कालव्यात विसर्जन होईल. समर्पण पूर्ण, तर फळ पूर्ण."

पासाशिवाय मतदान केंद्रात कुणी उभं करत नाही, आणि हरवलेल्या पासाच्या बदली नवा मागण्याची मुदत शुक्रवारीच संपली होती. तरी पहिल्या रांगेतली मंजूषा उठली आणि तिने आपला आणि नवऱ्याचा असे दोन्ही पास कलशात टाकले. मागोमाग रांग लागली.

बाजूच्या टेबलावर लॅपटॉप सांभाळत बसलेली इरावती हे सगळं बघत होती. रॉटरडॅमच्या बंदरातल्या एका कंपनीत ती नेटवर्कचं काम करायची. दीड महिन्यापूर्वी ती सेवेकरी म्हणून इथे आली, तेव्हा सूत्रसंचालक अंबरीशला आनंदच झाला होता. "ताई, आयटीवाल्यांचीच श्रद्धा खरी!" असं तो म्हणाला होता. सुमेधा तिची सख्खी धाकटी बहीण आहे, हे इथे कुणालाच माहीत नव्हतं.

सुमेधाचं नाव मात्र सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीआधी याच सभागृहात ती उठून म्हणाली होती, "महाराज, इथे मतं कागदावर देतात आणि मतदान संपल्यावर मोजतात. मग जनमत आत्ताच तुमच्या पडद्यावर येतं कुठून?"

त्याच क्षणी पट्टी थांबली होती. महाराजांनी डोळे मिटून बोट उचललं होतं. "या सभेत एक मन काळं आहे. तेच आड येतंय." बोट सुमेधावर येऊन थांबलं होतं.

निकाल नको तसा लागला आणि खापर सुमेधावर फुटलं. तिच्या शनिवारच्या मराठी वर्गाला मुलं येईनाशी झाली. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. मंजूषा तर ट्राममध्ये तिला बघून उठली आणि दुसऱ्या डब्यात जाऊन बसली. शेवटी सुमेधाच्या नवऱ्याने, जयेशने, दूर ग्रोनिंगेनला नोकरी शोधली. तिथून एकदा तिचा फोन आला. विद्यापीठात संशोधन करणारी ही मुलगी हळूच म्हणाली, "ताई, खरंच माझ्यामुळे झालं असेल का गं?"

तो प्रश्न इरावतीच्या काळजात रुतला. त्या दिवशी तिने ठरवलं. महाराज नुसता पकडायचा नाही. जिथे त्याने सुमेधाला उभं केलं, त्याच जागी, त्याच लोकांसमोर त्याला उभं करायचं.

युक्ती तिला पहिल्याच रविवारी कळली होती, पण ती गप्प राहिली. महाराजांना दुधाचा पेला देताना हसत राहिली. हॉल गच्च भरायची वाट बघत राहिली.

आज तो भरला होता. आणि दोन वर्षांपूर्वीसारखीच पडद्यावरची पट्टी अचानक थांबली.

घोषणा विरल्या. महाराजांनी डोळे मिटले. "थांबली," ते हळू आवाजात म्हणाले. "या सभेत कुणाचं तरी मन काळं आहे." बोट उठलं, रांगांवरून फिरलं आणि सानिकाकडे वळू लागलं. सानिका डेल्फ्टला शिकणारी मुलगी. तिने आपला पास कलशात टाकला नव्हता. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"महाराज," इरावती माइक घेऊन उभी राहिली. "तिला सोडा. ते काळं मन माझं आहे."

सभागृहात कुजबुज उठली.

"मी सुमेधाची बहीण. मागच्या वेळी तुम्ही काळं मन बाहेर घालवलंत. मी यंत्रातून एक वस्तू बाहेर काढते. बघू या." तिने लॅपटॉपच्या कडेला खोचलेला नखाएवढा तुकडा उपसला आणि वर धरला. "हं, आता द्या संकल्पमत. सगळ्यांनी द्या!"

लोकांनी बटणं दाबली. 'संकल्प स्वीकारला', 'संकल्प स्वीकारला'. पट्टी ढिम्म. गोमुखीतला महाराजांचा अंगठा मात्र जोरजोरात हलत होता.

"हा लॅपटॉप इंटरनेटला जोडलेलाच नाही. कधीच नव्हता. कुणीही येऊन बघा. तुमचं ऑनलाइन मत तुमच्या फोनमधून बाहेरच पडत नाही. बटण दाबलं की ती अक्षरं दिसतात, बास." इरावतीने लॅपटॉपच्या कळफलकावर बोट ठेवलं. "आणि हा वैश्विक सर्व्हर. वरचा बाण." हिरवी पट्टी सुसाट वर गेली. "खालचा बाण." पट्टी तळाला गेली. "काय चंचल आहेत बाई हे डच लोक!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ही माया आहे! ही श्रद्धेची परीक्षा..." महाराज गरजले.

"मग गोमुखी उघडा."

"गोमुखीला कुणी हात लावायचा नसतो!"

"मी लावत नाही. तुम्हीच हात बाहेर काढा."

महाराज हलले नाहीत. उठली ती मंजूषा. ती आसनापाशी गेली आणि तिने पिशवी ओढली. आतून माळ पडली नाही. पडला तो ऑफिसांत स्लाइड सरकवायला वापरतात तसला काळा रिमोट. महाराज याची कळ दाबायचे आणि लॅपटॉपला लावलेला तो तुकडा पट्टी हलवायचा.

"दोन वर्षांपूर्वी पट्टी कुणामुळे थांबली?" इरावतीने विचारलं.

महाराज पुटपुटले.

"माइकवर. मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"मी... मी कळ दाबायचं थांबवलं होतं."

"नाव घेऊन सांगा."

"सुमेधामुळे नाही," महाराज म्हणाले. त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळत होतं. अंबरीश जमिनीकडे बघत होता. इरावतीला त्या घामाची जराही दया आली नाही. तिने तेच वाक्य त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

मग कलशाभोवती झुंबड उडाली. जो तो आपला पास शोधत होता. त्या गर्दीतून मंजूषा इरावतीपाशी आली. "आपण सुमेधाला आत्ताच फोन लावू. सगळे मिळून माफी मागू."

"नाही," इरावती म्हणाली. "सभेत बसून घाऊक माफी मिळणार नाही. ट्रेन पकडा, एकेकटे जा आणि तिच्या दारात उभे राहा."

तिने माइक पुन्हा तोंडाशी धरला. "हा माणूस लबाड आहेच. पण सुमेधाने विचारलं होतं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. आकडे येतात कुठून, एवढंच. उत्तर मागायचं सोडून तुम्ही विचारणारीलाच हाकललंत. या देशात तुम्हाला एकेक मत आहे. ते कुणाच्याही कलशात टाकू नका. आणि यापुढे चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्याची तार कुठे जाते ते बघा. दिसली नाही तर विचारा. विचारणाऱ्याला जो गप्प करतो, त्याच्यापाशी लपवण्यासारखं काहीतरी असतंच."

बुधवारी ज्यांना मत होतं त्यांनी ते जाऊन दिलं. निकाल देशाच्या लोकांनी दिला तसा लागला, काहींना आवडला, काहींना नाही. त्यात कुणाच्या मनाचा रंग मिसळलेला नव्हता. महाराजांचा फोन तेव्हापासून बंद आहे.

पुढच्या शनिवारी मंजूषा एकटीच ग्रोनिंगेनला गेली. सुमेधाने दार उघडलं, तिचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, आणि चहाचं विचारलं नाही. हे फोनवर कळलं तेव्हा इरावतीला फार बरं वाटलं.