मुक्यानं न्यायचा बर्फ

तकीचं तोंड बंद असलेलं गावानं फक्त तो झोपेत असताना पाहिलं होतं, आणि त्याची बायको जैनब तेही मान्य करत नसे. अशा माणसावर बर्फ आणायची पाळी आली तेव्हा गावात आधी हशा पिकला, मग सगळे गंभीर झाले. कारण झरा आटला होता. वरच्या घळीत नवी हिमनदी रुजली नाही, तर अकरा घरांना बिऱ्हाड उचलावं लागणार होतं.

हिमनदी रुजवायची म्हणजे लग्नच लावायचं. मादी बर्फ पांढरा, पाणी देणारा. तो पलीकडच्या गावानं पोचवला होता. नर बर्फ काळा, दगडगोट्यांनी भरलेला. तो माथ्यावरच्या जुन्या हिमनदीतून आणायचा. अटी दोनच. एकदा बर्फ पाठीवर घेतला की करंडी जमिनीला टेकवायची नाही आणि बोलायचं नाही. बर्फ ऐकत असतो. मागच्या खेपेला गावातले सगळ्यात म्हातारे आजोबा, झवार आपो, यांचा जावई ठेचकाळला आणि "या अल्ला!" म्हणून गेला. सगळा बर्फ तिथंच ओतून द्यावा लागला. जावई अजून सासुरवाडीला मान खाली घालून जेवतो.

"आपो, दुसऱ्या कुणाला तरी न्या," तकी म्हणाला.

"वरची वाट तुलाच ठाऊक," झवार आपो म्हणाले. "आणि तू का टाळतोस, ते मला ठाऊक."

बारा वर्षांपूर्वी हरवलेल्या याकामागे तकी आणि त्याचा थोरला भाऊ बाकिर त्या हिमनदीवर गेले होते. बाकिर भेगेत पडला. "तकी, दोर आण!" तो खालून ओरडला. "आणतो!" म्हणून तकी गावाकडे पळाला. दोर घेऊन परतला तेव्हा भेग गप्प होती. त्या दिवसापासून तकी बोलतोय.

निघताना जैनबनं त्याला लोणी घातलेला खारा चहा पाजला. "गप्प राहून कुणी मेलेलं मी पाहिलं नाही."

"मेलेले सगळे गप्पच असतात."

"हो, तेवढे सोडून."

चढताना तकीनं जर्दाळू, गुडघेदुखी आणि व्याही मंडळी हे तिन्ही विषय संपवले. आपोंनी टोपी कानांवर ओढली. कुऱ्हाडीनं पायऱ्या पाडत दोघं दुपारी माथ्यावर पोचले. बाकिरची भेग तिथं नव्हती. हिमनदी चालते, बारा वर्षांत तो कुठल्या कुठे गेला असणार. म्हणजे कुठेही असणार.

तकीनं काळा बर्फ फोडून करंडी भरली आणि दोरानं बांधली. तोच दोर. बारा वर्षांत त्यानं तो कशालाच वापरला नव्हता.

उतारावर शंभर पावलं झाली असतील. पाठीवरून आवाज आला, "तकी, दोर आणलास का?"

आपो पुढे तसेच चालत होते.

"एवढा बडबड्या तू, आणि आता दातखीळ बसली होय रे?" बाकिर जिवंतपणीही असाच टोचून बोलायचा. "थंडी फार आहे इथं. नुसतं हो म्हण."

तकीनं बाही दातात धरली. बाही फाटली तेव्हा दुसरी धरली. अकरा चुली, अकरा चुली, असं मनातल्या मनात मोजत तो घळीत उतरला.

दोन्ही बर्फ कोळसा, भुसा आणि मीठ घालून खड्ड्यात रचले आणि वरून दगडांनी झाकत आणले. शेवटचा दगड बसवण्याआधी तकीनं दोराचं एक टोक बर्फात खोल सोडलं, दुसरं वरच्या खडकाला बांधलं. मधला दोर सैल पडून राहिला. आपोंनी पाहिलं आणि दगड बसवला.

"बोल आता."

तकीनं तोंड उघडलं, पण बोलण्यासारखं काही सापडेना.

तिसऱ्या उन्हाळ्यात घळीतून पाणी आलं. बायका रडल्या, जावयानं मान वर केली. तकी तेवढा खडकापाशी गेला. दोर ताणलेला होता, बोट लावलं तर झणझणत होता.

"बर्फ सरकतो, म्हणून ओढला जातो," आपो म्हणाले.

"हो," तकी म्हणाला, आणि त्यानं गाठ आणखी घट्ट केली.