बाकीचे मागून येतायत

योव्नामामा गेला आणि त्याचे रेनडिअर माह्तेच्या नावावर झाले. किती, ते माह्तेलाही माहीत नव्हतं. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्कच्या पठारावर, कुणाला त्याचे रेनडिअर किती असं विचारत नाहीत; त्यापेक्षा भर रस्त्यात त्याची पँट ओढलेली परवडली. मामा शेवटच्या घटका मोजत होता तेव्हाही माह्तेने विचारलं नाही. मामाच खोकत म्हणाला, "आहेत थोडे," आणि गेला.

शनिवारी सगळ्यांचे कळप कुंपणात आणायचे होते. नवा नियम असा, की पन्नासच्या आत भरले तर हिस्सा, म्हणजे इथे रेनडिअर पाळायचा हक्क, बंद. इथल्या माणसाच्याने मोजणं होणार नाही, म्हणून ओस्लोहून खास माणूस येणार होता. हिस्सा गेला, तर माह्तेला ट्रॉम्सोच्या दातांच्या दवाखान्यात परत जाऊन लोकांच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरावी लागणार होती. चार वर्षं धरली होती.

शुक्रवारी सकाळी रिस्तेन आणि आन्दे, त्याचे लहानपणचे दोस्त, आपापल्या स्नोमोबाइल घेऊन आले. माह्तेला मामाची गाडी होती. पण तो आजोळी यायचा तो उन्हाळ्यात, त्यामुळे स्नोमोबाइलवर आजवर बसलाच नव्हता.

"अंगठ्याने दाबलं की पळते," रिस्तेन म्हणाली.

"आणि थांबवायची कशी?"

"अंगठा काढायचा. झाड आलं तर जरा आधी."

"इथे झाडं आहेतच कुठे?"

"एक आहे," आन्दे म्हणाला. "सगळे त्यालाच धडकतात."

माह्तेही धडकला. गाडीची पुढची काच गेली. झाडाला काही झालं नाही, त्याला सवय होती.

जानेवारीत पाऊस पडून बर्फावर काचेसारखा थर धरला होता. खालचं दगडफूल खुरांनी उकरता येईना, तेव्हा कळप पांगले होते. तिघे तळी ओलांडत, टेकाडावर चढून दुर्बीण लावत फिरले. दुपारी कॉफीत सुकं मांस बुडवून खाताना रिस्तेनला राहवेना.

"माह्ते, पन्नास तरी आहेत ना रे?"

आन्देने तिला कोपर मारलं. "लाज आहे का काही?"

"अरे, शोधणं थांबवायचं कधी, एवढंच विचारतेय!"

"आहेत थोडे," माह्ते म्हणाला. आवाज थेट मामाचा निघाला.

उन्हं कलताना एक सापडला. खच्ची केलेला, म्हातारा, गळ्यात घंटा, कानावर मामाच्या खुणेचे दोन काप. तो पळाला नाही. इतका उशीर का केलात, असं बघत उभा राहिला. पुढे पेट्रोल संपत येईपर्यंत दुसऱ्याच्या खुराचा ठसासुद्धा दिसला नाही.

शनिवारी माह्ते त्याला दोरीने धरून कुंपणाशी आला. सगळ्यांनी माना वळवल्या. एक न मोजणं भारी अवघड असतं, पण लोकांनी जमवलं.

ओस्लोचा माणूस मोठ्याने म्हणाला, "एक."

एका बाईने पोराचे कान झाकले.

"बाकीचे मागून येतायत," माह्ते म्हणाला.

"कधी?"

असला प्रश्न त्या पठारावर आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता. तीन वाजेपर्यंत सगळे थांबले. मग त्या माणसाने कागदावर 'हिस्सा बंद'चा शिक्का मारला आणि तो विमान गाठायला निघाला.

फाटकावरचा म्हातारा हेइका हळूच म्हणाला, "तुझा मामाही हेच म्हणायचा. अकरा वर्षं, ह्यालाच घेऊन."

"आणि बाकीचे यायचे?"

"ते कसं विचारणार, पोरा? आम्ही फाटक उघडं ठेवायचो."

घंटावाला रेनडिअर हेइकाकडे राहिला. सोमवारी रिस्तेन आणि आन्दे माह्तेला बसपर्यंत सोडायला आले. आन्दे म्हणाला, "झाडाला काय सांगू?" कुणी हसलं नाही. दोघे निघून गेले.

ड्रायव्हरने विचारलं, "एकटाच का?"

"बाकीचे मागून येतायत," माह्ते म्हणाला आणि खिडकीशी जाऊन बसला.

ड्रायव्हर इथलाच होता. त्याने दहा मिनिटं दार उघडं ठेवलं.