कर्णाच्या थोडं अलीकडे

बाबांना नात बघायची होती, आणि नातीला नेमका खोकला झाला होता. बाबांच्या फुप्फुसांना आता साधी सर्दीही झेपायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून पोरगी खाली अंगणात आणि आजोबा वर खोलीत. उरली खिडकी. पण ती ऑक्सिजनच्या मशीनच्या बरोब्बर तिरक्या समोरच्या कोपऱ्यात. खोलीत दुसरा प्लग नव्हता, आणि मशीनला एक्स्टेन्शन लावायचं नाही अशी ताकीद होती.

बाबांच्या मुलीने टेप काढला. खोली चौरस, बाजू दहा फूट.

"दहाचा वर्ग शंभर, दोन्ही बाजूंचे मिळून दोनशे, त्याचं वर्गमूळ चौदाहून जरासं जास्त. मशीनची नळी पंधरा फुटांची. बाबा, पुरते!"

"कर्ण काढायला अजून येतो म्हणायचा," बाबा म्हणाले. जन्मभर गणित शिकवलेला माणूस.

तिने पलंग भिंतीला लोटला, त्यांना काखेत धरून हळूहळू चालवलं. खिडकी हाताशी आली आणि नळी ताणून नाकातून निसटायला लागली.

"असं कसं? दोनदा मोजली मी!"

"सरळ धरून मोजलीस." त्यांनी कानांवरून हनुवटीखाली उतरलेल्या नळीला बोट लावलं. "दोन फूट तर हे कानच खातात. कर्णाला कर्ण नडला बघ."

ते हसले, आणि त्या हसण्याचीच धाप लागली. तिला हसू आलं नाही. तिने खुर्ची तिथेच, खिडकीच्या अलीकडे टेकवली. तिथून अंगण दिसत नव्हतं, फक्त पलीकडचं फाटक दिसत होतं. तिने खिडकीतून वाकून खालच्या नवऱ्याला हाक मारली, "अहो, तिला फाटकापाशी उभी करा!"

लाल फ्रॉक फाटकात आला.

"दिसली?"

"दिसली. उंच झालीय गं."

तेवढ्यात पोरीला खिडकीत आई दिसली. "आईऽ!" हात पसरून ती घराकडे धावत सुटली, आणि जसजशी जवळ आली तसतशी चौकटीखाली बुडाली.

"कुठे गेली?"

"इकडेच येतेय, बाबा. तुमच्याकडेच."

खाली बापाने तिला जिन्यापाशी उचललं असावं. मोठं भोकाड ऐकू आलं.

"परत पाठवायला सांगते. एकदाच."

"नको. रडवू नका तिला. मला पलंगाकडे ने."

तिने त्यांना उठवलं. प्रत्येक पावलागणिक फाटकही खिडकीखाली सरकत गेलं. तरी ते मान वळवून बघतच होते.