उलटी गारवेल

जावा-जावांचं पटत नाही, असं म्हणणाऱ्यांनी या दोघींचा छापखाना बघितलेला नसतो. इथे भांडले ते सख्खे भाऊ. कशावरून, ते आता त्यांनाही आठवत नाही. एकमेकांशी बोलायचं नाही एवढं मात्र पक्कं लक्षात आहे. दोघे आपापल्या नोकऱ्यांना लागले आणि वडिलांचा छापखाना बायकांच्या गळ्यात पडला. बायकांनी तो दागिन्यासारखा मिरवला.

थोरली झाडं काढायची. पातळ कागदावर पेन्सिलीने पान, देठ, शिरा, किड्याने कुरतडलेली कडसुद्धा. धाकटी ते चित्र लाकडी ठोकळ्यावर पालथं चिकटवून कोरायची, ठशाला शाई लावायची आणि पायाने ट्रेडल मारत एकेक जाड सुती कागद छापायची. खाली शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून झाडाचं नाव. छापलेले कागद दोरीवर वाळत घातले की दुपारभर खोलीत एक बाग हलत असे. वास तेवढा रॉकेलचा.

ट्रेडलच्या ठेक्यावर धाकटीला तंद्री लागायची. आपण छापत नाहीच, झाडं आपणहून कागदातून उगवताहेत आणि आपण नुसती राखण करतोय, असं तिला वाटे. एकदा तर ती ठशावर पाणी शिंपडायला निघाली होती. थोरलीने ओरडून भानावर आणलं, आणि मग दोघी पोट धरधरून हसल्या.

पुढे थोरलीचे डोळे अधू होत गेले. आधी शिरा दिसेनाशा झाल्या, मग कडा. डॉक्टरांनी हात टेकले. आता तिला उजेड कळे, सावली कळे, माणूस आलं-गेलं कळे. पान कळत नसे.

"खिडकीतली गारवेल तेवढी राहिलीय," एकदा चहा पिताना ती म्हणाली. "ती तूच काढ. छापून झाली की मी वरच्या घराचा जिना चढले ती चढले. पुन्हा खाली उतरायची नाही."

"का म्हणून?"

"बिनकामाचं माणूस मध्ये बसलं की काम करणाऱ्यांना अडचण होते."

"काम करणारी मी एकटीच आहे, जाऊबाई."

"मग तुला होईल."

थोरलीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. या खोलीत एकटीने ट्रेडल मारायचं, आणि चुकलं तर ओरडायलाही कोणी नाही! मग धाकटीने चालढकल सुरू केली. ठोकळा ओला आहे, कोरणीला धार नाही, आज आभाळ आलंय. उत्तम नाचता येत असून अंगण वाकडं म्हणणारी ही पहिलीच बाई. पण वेल कुणासाठी थांबते? पानं पिवळी पडायला लागली, फुलं विरळ झाली, आणि एका सकाळी धाकटी मुकाट्याने ठोकळा मांडीवर घेऊन खिडकीशी बसली.

पातळ कागदावर चित्र काढायच्या भानगडीत ती पडलीच नाही. वेलीकडे बघत तिने थेट लाकडावर रेघा ओढल्या आणि कोरणी चालवली. वेल काठीला वळसे घालत वर चढत होती, आणि कोरणी तिच्या मागोमाग. लाकडाच्या सालपटांनी मांडी भरली. कधीतरी धाकटीला वाटलं की वेल आता आपल्या मनगटालाही वळसा घालेल, आणि तिने हात तसाच, न हलवता, थोडा वेळ धरला. दुपारी फुलं मिटली, तिच्या डोळ्यांपुढे मात्र ती उघडीच राहिली.

ठसा खोल उमटावा म्हणून तिने कागद किंचित ओला केला, मागे पुठ्ठाही जादा लावला. दाब नीट बसलाय की नाही, हे थोरली हल्ली बोटांनी तपासायची.

पहिला कागद तिच्या हातात दिला. तिने मधल्या जाड रेघेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"ही कोण?"

"गारवेल."

"आपली गारवेल काठीसमोरून डावीकडून उजवीकडे चढते. ही तर भलतीकडेच चाललीय."

धाकटीने खिडकीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. ठशावरचं डावं ते कागदावर उजवं, हे शेंबडं पोरही सांगेल. जन्मभर तिने चित्रं पालथी चिकटवली. आज चित्रच नव्हतं, म्हणून पालथं घालायचं राहून गेलं. खाली नाव सुलट, वर वेल उलटी! तिला लाज वाटली, आणि त्याच वेळी आनंदही झाला. त्या आनंदाची आणखी लाज वाटली, पण झाला तो झालाच.

"पुन्हा कोरते," ती म्हणाली. "वेळ लागेल. बराच लागेल."

"मुद्दाम केलंस?"

"तुमची शपथ, नाही."

थोरली हसली. बिघडलेला कागद पालथा ठेवायची छापखान्याची रीत. तिनेही तो टेबलावर पालथा ठेवला आणि वरून हात फिरवून सारखा केला. हात मध्येच थांबला.

मागच्या बाजूला शाई नव्हती. पुढून दाबली गेलेली प्रत्येक रेघ इथे उठून वर आली होती. थोरलीची बोटं मुळापाशी गेली आणि काठीसमोरून डावीकडून उजवीकडे चढायला लागली.

"शीर आहे," ती हळूच म्हणाली. "आणि इथे किड्याने खाल्लंय."

"कालच खाल्लं."

ती शेंड्यापर्यंत गेली, परत खाली आली, परत वर गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांना तेवढं काम अजून येत होतं. धाकटीने श्वाससुद्धा जपून घेतला.

"आधीची सगळी झाडं आपण बरोबर कोरली गं," थोरली म्हणाली. "ती पाठीमागून मला उलटी लागतील."

"मग पुन्हा कोरते. सगळी. चुकीची."

"आयुष्य जाईल."

"मला कुठे जायचंय?"

थोरलीने पदराने तोंड पुसलं, चाचपडत स्टूल जवळ ओढलं आणि त्यावर ऐसपैस बसली.

"सांग मग," ती म्हणाली, "पहिलं कोणतं घेतेस?"